पुठ्ठ्याच्या खोक्यातला बाळंतविडा

१/
बाळ जन्मल्याची वार्ता आली की मराठी घरात लगोलग विचार सुरू होतो तो बाळंतविड्याचा. कोणी झबली-टोपडी घेते, कोणी दुपटे शिवते, कोणी डिंकाचे लाडू वळायला बसते. बारसे उरकल्यावर बाळाच्या आईच्या कपाटात एकाच मापाची डझनभर झबली, चार खुळखुळे आणि बाळाला एकदाही घालता येणार नाही असा जरीचा अंगरखा उरतो. नेमके काय द्यावे, हा प्रश्न तसा घरगुती. परंतु एका देशाने तो १९३७ मध्ये थेट कायदेमंडळात विचारला आणि त्याचे उत्तर एका खोक्यात भरून घरोघर पोहोचवले. आजचा थ्रेड त्या खोक्याच्या इतिहासावर.

२/
पुठ्ठ्याच्या खोक्यात शांत झोपलेल्या तान्ह्या बाळाचे छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. २०१३ मध्ये बीबीसीने फिनलंडच्या या प्रथेवर लेख प्रसिद्ध केला आणि ती गोष्ट जगभर पसरली. पसरता पसरता तिचा आशय मात्र आक्रसला. 'फिनलंडमध्ये बाळे खोक्यात झोपतात, म्हणून तेथे बालमृत्यू सर्वांत कमी', एवढेच वाक्य उरले. हे वाक्य अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे सत्य अधिक मोलाचे आहे आणि ते समजून घेण्यासाठी आधी भेटवस्तूंच्याच इतिहासाकडे थोडे वळावे लागेल.

३/
प्रथम आपला बाळंतविडा पाहू. अंगडे, टोपडे, कुंची, लंगोट, दुपटी, बाळुती; आईसाठी खण किंवा साडी; सोबत डिंक, अळीव, खारीक, खोबरे, सुंठ, ओवा, बाळंतशेपा. ही यादी एखाद्या पंडिताने रचलेली नाही. बाळंतपण सोसलेल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखून ती तयार केली. बाळाला आरंभी नवे, खळीचे कापड न घालता वापरून मऊ झालेल्या सुती लुगड्याची दुपटी वापरण्याचा रिवाज घ्या. त्यात काटकसर आहे, तसाच नाजूक त्वचेचा विचारही आहे. या यादीत बाळाइतकेच स्थान आईला आहे, हेही ध्यानात ठेवा. त्याकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

४/
अन्य देशांतही अशा प्रथा होत्या. चौदाव्या-पंधराव्या शतकांत फ्लोरेन्स परिसरात बाळंतिणीशी निगडित रंगवलेल्या लाकडी तबकांची पद्धत होती. १३४८ च्या महाभयंकर प्लेगनंतर लोकसंख्या ओसरली होती आणि प्रत्येक जन्माला नवे मोल आले होते. अशा तबकात बाळंतिणीसाठी खाद्यपदार्थ आणीत आणि पुढे ते भिंतीवर मिरवीत. १४४९ मध्ये लोरेन्झो दे मेदिची जन्मला, तेव्हा तयार झालेले तबक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लोरेन्झोने ते १४९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपल्या दालनात ठेवले होते. भेट सुंदर खरी. परंतु ती घराण्याच्या वैभवाची खूण होती.

५/
इंग्लंडमधील प्रथा अधिक व्यवहारी होती. तेथे बाळंतिणीला टाचण्यांची उशी देत. छोट्या, सुबक उशीवर टाचण्या अशा खोचलेल्या असत की त्यांच्या माथ्यांतून नक्षी किंवा स्वागताचे शब्द उमटावेत. आज तान्ह्या बाळाच्या घरी टाचण्या नेणे विचित्र वाटेल. पण वॉल्टर हंट या अमेरिकी कारागिराने सेफ्टी पिनचे पेटंट घेतले ते १८४९ मध्ये. त्यापूर्वी बाळाचे कपडे आणि लंगोट टाचण्यांनीच अडकवावे लागत. म्हणजे देखणी दिसणारी ही भेट प्रत्यक्षात रोजच्या उपयोगाची होती. तबक आणि टाचणी या दोन टोकांमध्ये भेट निवडणारा प्रत्येक माणूस आजही घुटमळत असतो.

६/
या सर्व भेटींना एक समान मर्यादा होती: त्या नात्यागोत्यातून येत. माहेर सधन असेल, शेजार मायाळू असेल, तर बाळंतविडा भरगच्च. ज्या स्त्रीला माहेर नाही, जिचा नवरा लढाईत मेला, जी गाव सोडून कामासाठी शहरात आली, तिचे काय? तिच्या बाळाला दुपटे कोणी द्यायचे? हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपच्या उत्तर टोकाला असलेल्या एका गरीब देशासमोर अत्यंत क्रूर रूपात उभा राहिला.

७/
फिनलंड ६ डिसेंबर १९१७ रोजी रशियापासून स्वतंत्र झाला आणि अवघ्या काही आठवड्यांत यादवी युद्धात सापडला. जानेवारी ते मे १९१८ या काळात 'लाल' आणि 'पांढरे' असे दोन पक्ष परस्परांवर तुटून पडले. एकूण ३६ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील अनेक जण युद्धानंतरच्या बंदिछावण्यांत भुकेने आणि रोगराईने गेले. हजारो मुले पोरकी झाली. एकाच गावात विजेत्याचे घर आणि पराभूताची विधवा शेजारी-शेजारी राहत होती. या देशात 'आपले बाळ' आणि 'त्यांचे बाळ' असा भेद मनामनांत रुतलेला होता.

८/
अशा काळात, १९२० मध्ये, मानरहाइम बालकल्याण संघाची स्थापना झाली. पुढाकार होता सोफी मानरहाइम यांचा. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या परंपरेतील परिचर्येचे शिक्षण त्यांनी घेतले होते. त्यांचे बंधू जनरल मानरहाइम हे यादवी युद्धातील 'पांढऱ्या' सैन्याचे सेनापती. म्हणजे संघाच्या नावातच विजयी पक्षाची छाया होती. तरीही देशातील प्रत्येक मुलाच्या, मग ते कोणत्याही घरातले असो, कल्याणासाठी झटावे, हे या संघाने आपले ध्येय मानले. पुढच्या सगळ्या गोष्टीचे बीज या भूमिकेत आहे.

९/
संघाच्या कार्यात अग्रभागी होते बालरोगतज्ज्ञ अर्वो युल्प्यो. बर्लिनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर संशोधन करून ते मायदेशी परतले होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२२ मध्ये हेलसिंकीत एक सल्ला केंद्र सुरू केले. अशा केंद्राला फिनिश भाषेत 'नेउवोला' म्हणतात. 'नेउवो' म्हणजे सल्ला. आजारी बाळाला घेऊन जाण्याचे हे ठिकाण नव्हते. बाळ निरोगी असतानाच आईने यावे, वजन करून घ्यावे, स्तनपान, स्वच्छता, आहार यांविषयी परिचारिकेला विचारावे, अशी त्यामागची कल्पना होती. ती आज साधी वाटते. त्या काळी क्रांतिकारक होती.

१०/
पण सल्ला ऐकून घरी परतलेल्या आईकडे बाळाला गुंडाळायला स्वच्छ कापडच नसेल, तर सल्ल्याचा उपयोग काय? यावर स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे 'फिरती टोपली'. बाळाचे कपडे आणि चादरी भरलेली टोपली गरीब घरी बाळंतपणाच्या वेळी पोहोचवायची, गरज संपली की धुऊन परत घ्यायची आणि पुढच्या घरी पाठवायची. आपल्याकडे थोरल्याची झबली धाकट्याला, आणि मग चुलतभावंडांना जातात, त्यासारखेच; फरक इतकाच की येथे गावच एक कुटुंब झाले होते. मात्र ही टोपली उसनी होती. ती दारात आली की या घरी काही नाही, हे गावाला कळे.

११/
१९३० च्या दशकात युरोपभर आणखी एक चिंता वाढू लागली: जन्मदर घसरत होता. १९३४ मध्ये शेजारच्या स्वीडनमध्ये आल्वा आणि गुन्नार मिर्दाल या दांपत्याने लोकसंख्येच्या संकटावर पुस्तक लिहून खळबळ उडवली. मुले हवी असतील तर ती वाढवण्याचा भार समाजाने उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. फिनलंडला तर दुहेरी घोर होता. तेथे दर हजार जन्मांमागे सुमारे ६५ बाळे पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत होती. येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे की राज्यकर्त्यांच्या मनात करुणा होती, तशीच भावी कामगारांची आणि सैनिकांची गणितेही होती.

१२/
१९३७ मध्ये फिनलंडने मातृत्व अनुदानाचा कायदा संमत केला आणि १९३८ च्या आरंभापासून तो अमलात आला. आरंभी तो अल्प उत्पन्नाच्या मातांपुरता होता. तरीही देश इतका गरीब होता की बाळंत होणाऱ्या सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया त्याला पात्र ठरल्या. अनुदान रोख घेता येई, वस्तुरूपाने घेता येई किंवा दोन्ही मिळून. ही मुभा महत्त्वाची होती. नुसती रोख दिली तर ती घरातील जुन्या देण्यात विरून जाण्याची भीती. नुसत्या वस्तू दिल्या तर घेणाऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखे. कायद्याने निवड आईच्या हाती ठेवली.

१३/
त्या पहिल्या खोक्यांतून तयार कपडे मिळत नसत. मिळत असे ते मुख्यत्वे कापड. कारण सरळ होते: त्या काळी बाळाचे कपडे घरीच शिवण्याची रीत होती. ग्रामीण फिनिश स्त्रीला शिवणकाम येत होते; नव्हते ते चांगले कापड. देणाऱ्यांनी तिचे कौशल्य गृहीत धरले आणि तिची उणीव तेवढी भरून काढली. भेट निवडण्याच्या कलेचा हा पहिला धडा मला फार मोलाचा वाटतो. घेणाऱ्याजवळ काय आहे, हे ओळखले तरच काय नाही ते कळते.

१४/
कायदा अमलात येऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तोच ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत संघाने आक्रमण केले. हिवाळी युद्ध मार्च १९४० पर्यंत चालले. १९४१ ते १९४४ दुसरे युद्ध झाले. कॅरेलियाचा भूभाग गमवावा लागला आणि चार लाखांहून अधिक माणसे तेथून विस्थापित झाली. सुती कापड आणि फ्लॅनेल सैन्याला हवे होते. मग खोक्यातील चादरी आणि बाळाला गुंडाळण्याची वस्त्रे कागदाची झाली. कागदी दुपटे! वाचून हसू येते आणि लगेच मन गंभीर होते. देशाकडे कापड उरले नव्हते, तरीही बाळांना रिकाम्या हाताने भेटायचे नाही, हा निश्चय उरला होता.

१५/
युद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, आणखी एक निर्णय झाला. त्याचे छायाचित्र काढता येत नाही, म्हणून तो कधी व्हायरल होत नाही. माता आणि बालकांसाठी सल्ला केंद्रे चालवणे, तसेच सुईणी आणि आरोग्य परिचारिका नेमणे ही प्रत्येक स्थानिक प्रशासनाची कायदेशीर जबाबदारी ठरली. हेलसिंकीत युल्प्यो यांनी लावलेले रोप आता देशभर लावले जाणार होते. युद्ध संपले, सैनिक घरी परतले आणि पाळणे हलू लागले. १९४७ या एकाच वर्षात त्या छोट्या देशात एक लाखाहून अधिक बाळे जन्मली.

१६/
मग आले १९४९ हे वर्ष. या वर्षी उत्पन्नाची अट गेली. खोके प्रत्येक मातेला खुले झाले. त्याच वेळी दुसरी अट जोडली गेली: गरोदरपणाचा चौथा महिना संपण्याआधी डॉक्टरकडे किंवा सल्ला केंद्रात जाऊन तपासणी करून घेतली पाहिजे. या सगळ्या इतिहासाचा कणा येथे आहे. खोके बाळासाठी होते. पण ते मिळवण्यासाठी आईला बाळ जन्मण्याच्या कितीतरी आधी तपासणीच्या दारात यावे लागे. त्या भेटीत तिचे आरोग्य पाहिले जाई, धोक्याची चिन्हे हेरली जात, पुढच्या तपासणीची तारीख ठरे. दुपट्याच्या निमित्ताने आई परिचारिकेच्या ओळखीची होई.

१७/
'सर्वांना' हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. श्रीमंतांच्या बाळाला सरकारने दुपटे कशाला द्यावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. फिरती टोपली आठवा. ती दारात आली की गरिबी जाहीर होत असे. १९४९ नंतर खोके दारात आले, तर त्यावरून इतकेच कळे की या घरी बाळ येणार आहे. बँकेच्या अधिकाऱ्याच्या बाळाचे आणि लाकूडतोड्याच्या बाळाचे कपडे एकाच खोक्यातून आले. यादवीने दुभंगलेल्या देशात, १९१८ च्या विजेत्यांच्या आणि पराभूतांच्या नातवंडांना एकसारखी अंगडी मिळाली. पुढे २०१३ मध्ये ब्रिटनचे राजपुत्र विल्यम आणि केट यांना पहिले अपत्य व्हायचे होते, तेव्हा फिनलंडने भेट पाठवली ती हेच खोके.

१८/
खोक्यातील वस्तूंची यादी ही त्या देशाच्या समाजजीवनाची बखरच आहे. १९५७ मध्ये शिवायचे कापड पूर्णपणे जाऊन तयार कपडे आले, कारण घरोघरी शिवण्याचा काळ सरत होता. १९६९ मध्ये एकदा वापरून टाकायचे डायपर आले. शतक पालटताना पर्यावरणाच्या विचाराने कापडी लंगोट परतले. स्तनपानाला उत्तेजन मिळावे म्हणून दुधाची बाटली काढली गेली. बर्फातला अंगभर पोशाख, आंघोळीच्या पाण्याचा तापमापक, नखे कापायची छोटी कात्री, चित्रांचे पुस्तक यांनी जागा मिळवली. तळाशी गादी असल्याने रिकामे खोकेच बाळाचा बिछाना होते. आणि आईवडिलांसाठी कंडोमही असतात. दोन बाळंतपणांतील अंतराचा विचार त्यामागे आहे.

१९/
आता त्या व्हायरल वाक्याकडे वळू. खोक्यामुळे बालमृत्यू घटले का? आज फिनलंडमध्ये दर हजारी सुमारे दोन बाळे दगावतात. घट अफाट आहे. परंतु स्वीडन आणि नॉर्वे यांनी असे राष्ट्रीय खोके न देताही बालमृत्यू तितकेच खाली आणले. या घटीमागे परिचारिकांचे जाळे, सुरक्षित बाळंतपण, लसी, प्रतिजैविके, स्वच्छ पाणी, सुधारलेली घरे आणि वाढलेले उत्पन्न ही सगळी कारणे आहेत. बाळाने वेगळ्या, सपाट बिछान्यावर झोपावे ही सवय लावण्यास खोक्याने हातभार लावला, असे इतिहासकार मानतात. पण पुठ्ठ्यात जादू नव्हती. खोके हे आमंत्रण होते. जीव वाचले ते आमंत्रण स्वीकारून आई जेथे पोहोचली, त्या व्यवस्थेमुळे.

२०/
हा भेद न ओळखल्याने पुढे अनेक ठिकाणी गफलत झाली. स्कॉटलंडने २०१७ मध्ये सर्व नवजात बाळांसाठी खोके सुरू केले आणि सुईणीमार्फत नोंदणीची साखळी त्याला जोडली. त्याच वर्षी अमेरिकेतील न्यू जर्सीत एका खासगी कंपनीच्या साहाय्याने खोकी वाटली गेली. ती मिळवण्यासाठी ऑनलाइन चित्रफिती पाहून प्रश्नांची उत्तरे द्यायची होती. चित्रफितीतून माहिती जरूर मिळते. पण ती आईचा रक्तदाब मोजत नाही आणि पायांवरची सूज पाहून तिला थांबवून घेत नाही. खोक्याची नक्कल सोपी असते. चौथ्या महिन्यात उघडे असणारे जवळचे दार उभारणे अवघड असते.

२१/
मातृत्वाचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न आपल्याकडेही नवा नाही. फिनलंडच्या कायद्याच्या नऊ वर्षे आधी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन मुद्दे मांडले: बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि लोककल्याण ही मुख्यतः शासनाची जबाबदारी असल्याने या खर्चाचा मोठा वाटा शासनाने उचलायला हवा. १९२९ मध्ये मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला. त्यात भार मालकांवर होता आणि लाभ कारखान्यातील स्त्रियांपुरता. 'सर्व मातांना, सर्वांच्या तिजोरीतून' हे पुढचे पाऊल तेव्हा पडले नाही.

२२/
अलीकडे भारतातील राज्यांनीही शासकीय बाळंतविडे सुरू केले. तमिळनाडूने २०१५ मध्ये सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या बाळांसाठी १६ वस्तूंचा संच आणला. त्यात बाळाचे कपडे, गादी, जाळी आहे. तसेच आईसाठी सौभाग्यशुंठीचे लेह्यही आहे. सुंठ! आपल्या आज्यांच्या यादीतील तीच सुंठ शासनाच्या पिशवीत आली. तेलंगणाने २०१७ मध्ये संचासोबत हप्त्यांनी रोख मदत दिली आणि हप्ते तपासण्यांशी जोडले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातही शासकीय आरोग्य संस्थेत जन्मणाऱ्या पहिल्या बाळासाठी असा संच देण्याची योजना आली. बर्फाच्या पोशाखाच्या जागी डासांपासून बचाव करणारी जाळी: चांगली नक्कल अशी जागेनुरूप बदलते.

२३/
मग तुमच्या मामेबहिणीकडे किंवा मित्राच्या घरी बाळ येणार असेल, तर या इतिहासातून काय घ्यायचे? पहिले, घेणाऱ्याजवळ काय आहे ते आधी विचारा. फिनलंडने कापड दिले, कारण शिवणारे हात होते. दुसरे, काळाचा हिशेब ठेवा. जन्मतःच्या मापाची झबली सगळेच आणतात, सहाव्या महिन्याचे माप क्वचित कोणी. तिसरे, निवड आईच्या हाती ठेवा. रोख पाकीट देताना ओशाळू नका. चौथे, उपकाराचा भार चढेल असे काही देऊ नका. आणि पाचवे, आईला विसरू नका. डिंकाचे लाडू वळणाऱ्या आजीला हे ठाऊक होते. आठवडाभराचा स्वयंपाक, धुतलेली बाळुती, रात्री दोन तास बाळाला सांभाळून दिलेली झोप या गोष्टी दुकानात मिळत नाहीत, म्हणून त्या सहसा कोणी आणत नाही.

२४/
एक भेट मात्र अशी आहे, जी बाळ जन्मण्याच्या कितीतरी आधी देता येते. ओळखीतल्या गरोदर स्त्रीला विचारा, 'नाव नोंदवलेस का? पुढची तपासणी केव्हा आहे?' आशाताईंचा क्रमांक मिळवून द्या. रजा टाकून तिच्याबरोबर आरोग्य केंद्राच्या रांगेत बसा. घरी थोरले मूल असेल तर तेवढा वेळ त्याला सांभाळा. १९४९ च्या फिनलंडने खोक्याचे निमित्त करून प्रत्येक आईला ज्या दारापर्यंत आणले, त्या दारापर्यंत तिला सोबत करणे कोणालाही जमण्यासारखे आहे. झबले-टोपडे बारशाला न्यालच. हा पहिला बाळंतविडा मात्र चौथ्या महिन्याच्या आत पोहोचवा.